दंड घातलेलं लुगडं

आईच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात अकरा लुगडी निघाली. सगळी सुती, नऊवारी, घरात नेसायची. वरच्या कप्प्यांतली रेशमी, जरीची तिच्या वर्षश्राद्धानंतर लगेच वाटून झाली होती. बहिणीनं दोन घेतली, वहिनीनं शालू घेतला, नात्यातल्या सुनांना आठवण म्हणून एकेक गेलं. ही अकरा कुणी मागितली नाहीत. मीही नाही मागितली.

त्यांच्यावर डाग होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे विचार करा. आमचं घर गावभागात. आई-अण्णांना वेळेवर हलवलं, पण कपाट कोण हलवणार? आम्ही परतलो तेव्हा खालचा कप्पा गाळानं भरलेला होता. गाद्या, गोधड्या, धान्य, पुस्तकं, सगळ्याचा रस्त्यावर ढीग घातला. लुगडी मात्र आईनं टाकू दिली नाहीत. "सुती आहेत, निघतंय सगळं," म्हणाली आणि सोडा घालून, उकळून, तीन-तीनदा धुतली. वास गेला. गाळाचा पिवळट डाग राहिला, घडी जशी होती तसा, ठरावीक अंतरावर. ती तशीच नेसत राहिली.

अण्णा आता ८६ वर्षांचे आहेत. मी निवृत्त झाल्यापासून वर्षातले सहा-सात महिने पुण्याहून त्यांच्याकडे येऊन राहते. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या दारात त्यांचा पाय सटकला. चौकट हाताला लागली म्हणून निभावलं. दारात बाजारातलं पायपुसणं होतं, झुबकेदार, निळं, दिसायला छान. हात लावून पाहिला तर वरून ओलं आणि आत कोरडं. पॉलिस्टरला पाणी पिता येत नाही, ते नुसतं पाण्याला अंगावर झेलतं. खालचं रबर कडक होऊन त्याचा भुगा झाला होता. त्याच दुपारी मी ते उचलून बाहेर टाकलं आणि मला ती लुगडी आठवली.

त्याआधी एकदा बोहारणीला दाखवली होती. भांड्यांची पाटी उतरवून तिनं एक लुगडं उलगडलं, उजेडाकडे धरलं आणि अलीकडून मला पलीकडची तिची बोटं दिसली. "ताई, हे विरलंय. याचं मी काय करू?" तिनं घडी घालून परत दिलं. घडी मात्र नीट घातली, हे मी विसरलेले नाही.

मावशीला फोनवर सांगितलं, की अक्काच्या लुगड्यांची पायपुसणी करायचा विचार आहे. पलीकडे बराच वेळ आवाजच नाही.

"अक्काचं लुगडं पायाखाली घालणार होय गं तू?"

मी म्हटलं, "मावशी, आईच करायची की."

"ती स्वतःच्या लुगड्यांची करायची. आईच्या लुगड्याची तिनं गोधडी केली. पायपुसणं नाही केलं."

हे खरं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या घरात कापडाचं वय ठरलेलं असायचं. नवं लुगडं आधी बाहेर जाताना, मग घरात. नऊवारी बसायच्या जागी आधी विरते. तसं झालं, की मधला विरलेला भाग काढून टाकायचा आणि दोन धड टोकं जोडून टाकायची. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी दोन-तीन वर्षं जायचं. त्यानंतर काठाकडच्या मजबूत भागातून आम्हा मुलींचे परकर निघायचे. मऊ पडलेल्या मधल्या कापडाची दुपटी, लंगोट. घरात बाळ नसेल तर शेजारच्या बाळंतिणीला. उरलेलं गोधडीच्या पोटात. त्यातूनही निसटलेल्या तुकड्यांचं मसोतं, मग हातपुसणं, मग पायपुसणं, मग पोतेरं. डोक्यावर घागर घ्यायची असेल तर चिरगुटाला पीळ देऊन, गोल वळवून चुंबळ. सगळ्या शेवटी बंबात जाळ घालताना एक बोळा. बंबात जाईपर्यंत त्या कापडानं वीसेक वर्षं घरात काढलेली असायची. ७२ च्या दुष्काळात आईनं नवं लुगडं घेतलंच नव्हतं, असं मावशी सांगते. पण दुष्काळ संपल्यावरही ती सवय तिनं सोडली नाही, कारण तिला ती काटकसर वाटतच नव्हती. कापड कसं वापरायचं असतं, एवढंच त्यात होतं.

मावशीचा आक्षेप मात्र मनातून जाईना. गोधडी अंगावर येते, पायपुसणं पायाखाली जातं. एक वर, एक खाली. आपण पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी माणसं. पुस्तकाला, पाटाला, माणसाला. मग आईच्या अंगावरच्या कापडाला ओला पाय कसा पुसायचा?

भाषेतही चिंधीला मान नाही. अब्रूच्या चिंध्या होतात, लक्तरं वेशीवर टांगली जातात, आणि एखाद्याला फार खाली ढकललं की त्याचं पायपुसणं केलं म्हणतात. तरी आपल्याच लोककथेत कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, म्हणून ती कृष्णाची बहीण ठरली. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर ठिगळाला ठिगळ जोडलेल्या चिंध्या पांघरून, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. आणि त्या चिंध्यांपुढे मोठमोठी माणसं वाकली. मला ही दोन उदाहरणं त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवत होती. कदाचित मला परवानगी हवी होती आणि ती मी जिथून मिळेल तिथून गोळा करत होते.

शेवटी एक दिवस दुपारी सोप्यात बसले आणि हिरवं लुगडं काढलं. बाटलीच्या हिरव्या रंगाचं, लाल रुईफुली काठाचं. आई बहुतेक लुगडी इचलकरंजीची घ्यायची. सांगलीहून तासाभराच्या अंतरावर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून त्या गावानं आमच्या भागातल्या कितीतरी पिढ्यांच्या बायकांना नेसवलं.

जुनं सुती कापड कात्रीनं कापायचं नसतं. कडेला इंचभर चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. कापड स्वतःच्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. कात्री थोडी इकडेतिकडे जाते, फाडलेली पट्टी जात नाही. हे मला माहीत होतं, लहानपणी आईनं फाडताना दुसरं टोक माझ्या हातात दिलेलं होतं. तरी चीर दिल्यावर हात पुढे जाईना. जपानच्या उत्तरेकडे थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिथले लोक दक्षिणेकडून जहाजांतून येणारं जुनं सुती कापड विकत घेत, त्याच्या पट्ट्या फाडून मागावर पुन्हा विणत. त्या विणकामाला साकिओरी म्हणतात. साकि म्हणजे फाडणं, ओरि म्हणजे विणणं. नावातच आधी फाडणं आहे. ते टाळून पुढचं काही होत नाही.

मी ओढलं. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. लांबलचक, कोरडा, आणि त्याबरोबर उन्हात उडणारी बारीक धूळ. तिला साबणाचा वास होता, पुराचा नव्हता. पहिली पट्टी सरसर फाटत गेली. तीन वार, चार वार. आणि एका ठिकाणी कापड थांबलं. मी जोर लावला. फाटेना.

खाली पाहिलं तर दंड होता.

आईनं घातलेला दंड. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घेतलेल्या आणि वरून हातशिलाई, उलटी टीप. दोरा पांढरा असणार, आता पिवळा झालेला. टाके मोहरीएवढे. मी मोजू लागले, एका इंचात अकरा. दुसऱ्या इंचात पुन्हा अकरा. संपूर्ण ४५ इंचांच्या पन्ह्यावर एकही टाका तिरका नाही. डोळ्यांवर मोतीबिंदू येण्याआधीचं हे काम असावं. लुगडं नेसल्यावर हा दंड कुणाला दिसणार नव्हता. निऱ्यांच्या आत, घोळात जायचा. कुणी बघणार नाही अशा जागी तिनं पन्हाभर असे टाके घातले होते, आणि त्या टाक्यांनी सगळं लुगडं फाटत आलं तरी आपली जागा सोडली नव्हती.

ब्लेड आणून उसवता आलं असतं. नाही उसवलं. दंडापाशी येऊन कात्रीनं तेवढंच आडवं ओलांडलं आणि पलीकडून पुन्हा फाडायला घेतलं. चौदा वेळा तसं करावं लागलं. त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या मधोमध तो दंड राहिला, बोटाला लागेल इतका जाड.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी हिशोब लिहिते, कारण मला तो कुठे नीट मिळाला नव्हता. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पन्हा ४५. तीन-तीन इंचांच्या पट्ट्या केल्या तर पंधरा निघतात. वेणी तिपेडी, म्हणजे प्रत्येक पेडाला पाच पट्ट्या. वेणी घालताना पाव ते एकतृतीयांश लांबी खाल्ली जाते. तरी नव्वद ते शंभर फूट वेणी व्हायला हवी. दंडात गेलेलं आणि फारच विरलेलं सोडलं, तर ऐंशी फूट हातात येते. पाऊण इंच रुंदीच्या ऐंशी फूट वेणीत दोन फूट रुंद, तीन फूट लांब लंबगोल पायपुसणं बरोबर बसतं. एक लुगडं, एक पायपुसणं. हा हिशोब जुळला तेव्हा मला फार बरं वाटलं. काही उरणार नव्हतं, काही कमी पडणार नव्हतं.

पट्टीला पट्टी जोडायला सुई लागत नाही. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना अर्ध्या इंचाची चीर द्यायची, एक चीर दुसरीवर ठेवायची, नव्या पट्टीचं शेपूट दोन्हींतून ओवून ओढायचं. गाठ बसते पण फुगत नाही. तिन्ही पेडांचे जोड एका जागी येऊ द्यायचे नाहीत, म्हणून सुरुवातीच्या पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या घ्यायच्या. सुरुवात खिडकीच्या गजाला बांधायची आणि ताण देत वेणी घालायची. आई शाळेत जाताना माझी वेणी घालायची तेव्हा डोळे ओढले जायचे इतका ताण असायचा. तेवढाच ताण इथंही हवा. सैल वेणी पाणी पिते पण लवकर उसवते.

पट्ट्यांचे गुंडे अण्णांनी करून दिले. आरामखुर्चीत बसून, एक-एक पट्टी गुडघ्यावर सरळ करत. काय करतेय हे मी त्यांना सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दंडाची जागा आली की त्यांची बोटं तिथं जरा थांबायची आणि मग पुढचा वेढा.

शिवणं हा सगळ्यात निगुतीचा भाग. पहिला प्रयोग मी जुन्या चादरीवर केला होता, बरं झालं. वेणी सरळ रेषेत गुंडाळत गेले आणि वळणावर ओढून शिवली. चार फेऱ्यांत त्याच्या कडा उचलल्या आणि द्रोण झाला. ओढलं की द्रोण होतो, फार सैल सोडलं की कडेला झालर येते. मग कळलं, की वळणावर बाहेरच्या वेणीला जास्त वाट चालायची असते, तेवढी तिला द्यावी लागते. आतल्या वेणीच्या एका पेडापाशी बाहेरच्या वेणीचे दोन पेड गुंतवायचे. पहिल्या दोन फेऱ्यांत हे जास्त करावं लागतं, पुढे वळण मोठं होत जातं तसं कमी. सरळ बाजूला एकास एक. मधली पहिली वेणी किती लांब ठेवायची, तर लांबीतून रुंदी वजा करा. तीन फुटांतून दोन गेले, एक फूट. सुई बोथट टोकाची, जाड. ती कापडातून घालायचीच नाही, पेडांच्या मधून न्यायची, म्हणजे दोरा दिसत नाही आणि कापडाला भोक पडत नाही. काम कायम सपाट टेबलावर ठेवून करायचं. मांडीवर घेतलं की मांडीचा आकार येतो.

कापडाबद्दल एक आग्रहाचं सांगणं. सुतीच घ्या, आणि जुनंच घ्या. नव्या सुती कापडात खळ असते, ते पाणी पीत नाही. शंभर वेळा धुतलेलं कापड पितं. रंग जायची भीती असेल तर फाडण्याआधीच दोनदा धुऊन घ्यावं. टीशर्टच्या पट्ट्याही चालतात, त्या ओढल्या की आपोआप नळीसारख्या वळतात, फक्त त्यांचं काम जड होतं. गुळगुळीत फरशीवर कुठलंही पायपुसणं सरकू शकतं, म्हातारं माणूस असेल तर खाली रबरी जाळी हवीच. यात तडजोड नको.

आपल्याकडचे टाकलेले कपडे पुढे कुठे जातात याचा मी त्या दिवसांत शोध घेतला. पानिपतला जातात. आपल्या मनात ते गाव १७६१ साठी कोरलेलं आहे, पण आज तिथं जगभरातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, ते फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो, त्याची ब्लँकेटं आणि सतरंज्या होतात. थोरलं काम आहे ते. तरी एकदा त्या गठ्ठ्यात गेलं, की कुणाचं लुगडं आणि कुणाची चादर हे संपतं. मला ते संपवायचं नव्हतं.

अठरा दिवसांत पायपुसणं झालं. हिरव्यात लाल काठ अधूनमधून उमटत गेलेला. पुराचे डाग वेणीत बारीक झाले होते, पिकल्या पानावर येतात तसे पिवळे ठिपके. दंडांच्या जागी जरा जाड. मी ते धुतलं, सपाट वाळवलं आणि जाळीवर न्हाणीघराच्या दारात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळ करून बाहेर आले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. चौकटीला धरून ते उभे राहिले, खाली पाहिलं. उजवा पाय उचलला आणि पायपुसण्याच्या पलीकडे, कोरड्या फरशीवर टाकायला गेले. ओला पाय, ८६ वर्षांचं माणूस. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"अण्णा, त्यावर ठेवा ना पाय."

ते तसेच एका पायावर, माझ्या हाताला धरून.

"ते उचल तेवढं," म्हणाले.

मी उचललं. त्यांनी मग पाय खाली ठेवला, पंच्याला पुसला आणि काही न बोलता देवघराकडे गेले.

मावशीचं म्हणणं मला त्या क्षणी कळलं. पायाखाली घालणं हा मान-अपमानाचा विषय आहे असं मी समजत होते, आणि त्याची उत्तरं शोधत होते. अण्णांच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. इतकी वर्षं जे हिरवं लुगडं त्यांनी घरात इकडून तिकडे जाताना पाहिलं होतं त्याच्यावर पाय पडणार नव्हता, इतकंच. त्यावर वाद कसा घालणार?

पायपुसणं सोप्यातल्या त्यांच्या आरामखुर्चीत गेलं. बसकर म्हणून. त्याला ते नाही म्हणाले नाहीत. दुपारी वर्तमानपत्र वाचताना त्यांचा हात कडेला खाली जातो आणि बोटं एका जाड जागी थांबतात.

न्हाणीघरासाठी मी दुसरं केलं, माझ्या स्वतःच्या कपड्यांचं. पंचवीस वर्षं कार्यालयात वापरलेल्या सुती साड्या आणि दोन कुडते. सहावारीत दंड नसतो, सरळ फाटत गेल्या. रंग सगळे मिसळले, करडा, गुलाबी, मोरपंखी. त्यावर अण्णा निवांत उभे राहतात. उजवा पाय, डावा, पुन्हा उजवा, टाचेसकट. घरात ओले पाय उमटलेले आईला चालायचे नाहीत.

दिवाळीनंतर मावशी चार दिवस राहायला आली. आल्या आल्या आरामखुर्चीपाशी गेली. अण्णा आत झोपले होते. तिनं ते बसकर उचललं नाही, वाकून नुसता हात फिरवला, कडेपासून आत, फेरीफेरीनं. एका जागी बोट थांबलं.

"हा दंड माझ्या देखत घातलाय अक्कानं. माझं बाळंतपण होतं, माझ्या उशाशी बसून."

मग खूप वेळ ती तिथंच पाटावर बसून राहिली. चहा गार झाला. मी दुसरा ठेवला.

संध्याकाळी तिनं स्वतःच विचारलं, "अजून किती आहेत?"

"दहा."

"आण एक. माझ्या सोफ्यावर चालेल." आणि मग, "काठ वेगळा ठेव हं. काठाचं मी बघते काय करायचं ते."

मी जांभळं लुगडं आणलं. कडेला चीर दिली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिला ७४ संपलंय, पण हाताला अजून ताकद आहे. आम्ही एकमेकींपासून दूर सरकत फाडत गेलो, ती दाराकडे, मी खिडकीकडे, मधून धूळ उडत होती.

"थांब, थांब," मावशी म्हणाली. "इथं टाके आहेत."